कॉइलचं इंडक्टन्स सूत्राने २५५ येतंय, मीटर ९४ दाखवतोय, नक्की कुठे गडबड आहे?

रेडिओवेडी_मीरारोड

नमस्कार मंडळी, मी डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे, कॉलेजचं काम नाही, घरी हौस म्हणून क्रिस्टल रेडिओ बनवतेय. बॅटरी नाही काही नाही, फक्त कॉइल, गँग (स्टेशन लावायला फिरवतो तो कंडेन्सर), जर्मेनियम डायोड आणि क्रिस्टल इअरफोन. गँग हवेचा आहे, जुना, लॅमिंग्टन रोडवर मिळाला, पूर्ण बंद केल्यावर ३६५ पीएफ (पिकोफॅरड) भरतो, तो मीटरवर चेक केलाय.

मिडियम वेव्ह ५३० किलोहर्ट्झला सुरू होतो म्हणून ५३० ला ३६५ पीएफसोबत किती इंडक्टन्स लागेल ते काढलं, २४७ मायक्रोहेन्री आलं, मग राउंड करून २५० धरलं. पुढे पुस्तकातलं सॉलेनॉइडचं सूत्र घेतलं, म्यू नॉट गुणिले वेढ्यांचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ भागिले लांबी. घरात ६३ एमएमचा पीव्हीसी पाइपचा तुकडा होता, त्यावर २६ गेजची इनॅमलची तार, इनॅमलसकट जाडी ०.५ एमएम धरली, तर ३२ वेढे आले. गुंडाळले, अगदी चिकटून, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, पट्टीने लांबी मोजली तर बरोबर १६ एमएम. सूत्रात परत घातलं, २५५ मायक्रोहेन्री.

आणि एलसी मीटर (इंडक्टन्स मोजायचा मीटर) दाखवतोय ९४. मीटर खराब असेल म्हणून बाजारातून आणलेला १०० मायक्रोहेन्रीचा तयार चोक लावून बघितला तर तो ९८ दाखवतो, म्हणजे मीटर ठीक आहे. रेडिओतही तेच, १०४४ चं स्टेशन गँगच्या मध्यावर कुठेतरी लागतं पण ५५८ ची अस्मिता वाहिनी गँग पूर्ण बंद केला तरी लागत नाही, तेच घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरवर ५५८ खणखणीत येतं, मालाडचा ट्रान्समीटर इथून काही फार लांब नाही.

आकडेमोड पाच-पाच वेळा तपासली, युनिटं मीटरमध्येच घेतलीत, त्रिज्या पण ३१.७५ एमएम घेतली म्हणजे तारेच्या मध्यापर्यंत. थोडाफार फरक मी समजू शकते पण इथे तर जवळजवळ पावणेतीन पट फरक आहे. कोणी सांगू शकेल का प्लीज.

---

कोडवाला_कोथरूड

एवढं हाताने कशाला करायचं, नेटवर कॉइल कॅल्क्युलेटर शेकडो आहेत, डायमीटर, वायर गेज, वेढे टाका, एका सेकंदात उत्तर. मी तर हेच वापरतो.

---

निवृत्त_सर_सांगली

तुझी आकडेमोड बरोबर आहे, मी पण करून बघितली, २५५ च येतं. सूत्र चुकीच्या ठिकाणी लावलंयस एवढंच. पॉलिटेक्निकला शिकवत होतो तेव्हा दरवर्षी हे सांगायचो, कारण पुस्तकात सूत्राच्या आधी एक ओळ असते, 'सॉलेनॉइड व्यासाच्या मानाने खूप लांब आहे असं मानू', आणि ती ओळ कोणी वाचत नाही, परीक्षेत सूत्र लागतं, ओळ लागत नाही.

त्या ओळीचा अर्थ काय ते बघ. पुस्तकी सूत्रात असं धरलेलं असतं की कॉइलच्या आत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र एकसारखं आहे, आणि एका वेढ्याचा जेवढा फ्लक्स, म्हणजे चुंबकीय रेषा, आहे तो सगळाच्या सगळा बाकीच्या प्रत्येक वेढ्यातून जातो. लांब नळीसारखी कॉइल असेल तर मधल्या भागात हे खरं असतं. पण टोकाला क्षेत्र मधल्याच्या निम्मंच भरतं, रेषा बाहेर पसरतात, आणि टोकाच्या वेढ्यातून निघालेला बराच फ्लक्स दुसऱ्या टोकाच्या वेढ्यापर्यंत पोचतच नाही. आता तुझी कॉइल बघ, व्यास ६३.५ एमएम आणि लांबी १६ एमएम. ही नळी नाहीच, ही बांगडी आहे. हिला मधला भागच नाही, दोन टोकंच आहेत.

या टोकांच्या तुटीचा हिशोब हांतारो नागाओका या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये नीट मांडून कोष्टक दिलं. अणूचं शनीच्या कड्यांसारखं मॉडेल १९०४ मध्ये मांडणारे ते हेच. त्यांचा गुणांक म्हणजे पुस्तकी उत्तराला ज्याने गुणायचं तो आकडा, तो फक्त व्यास भागिले लांबी यावर ठरतो. व्यास आणि लांबी सारखी असेल तर ०.६८८. व्यास लांबीच्या दुप्पट असेल तर ०.५२६. चौपट असेल तर ०.३६५. तुझं गुणोत्तर ६३.५ भागिले १६, म्हणजे ३.९७, जवळजवळ चौपट. २५५ ला ०.३६७ ने गुण, किती येतात? ९३ आणि थोडं. तुझा मीटर ९४ म्हणतोय. मीटरची काही चूक नाही, उलट चांगला मीटर आहे, जपून ठेव.

आणि उलट बाजूनेही बघ, गुणांक ०.९६ च्या आसपास यायला कॉइलची लांबी व्यासाच्या दहापट लागते. म्हणजे तुझ्या पाइपवर दोन फुटांहून लांब कॉइल केलीस तर पुस्तकी सूत्र चार टक्क्यांत बरोबर येईल. रेडिओत अशी कॉइल कोण करतं?

कोष्टक जवळ नसेल तर सोपी युक्ती अशी, पुस्तकी सूत्राने जे उत्तर येईल त्याला (१ + ०.४५ × व्यास ÷ लांबी) ने भागायचं. तुझ्या बाबतीत १ + ०.४५ × ३.९७ = २.७९. २५५ ÷ २.७९ = ९१ आणि थोडं. झालं काम.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ मध्ये वेगळ्या रूपात दिली, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २५. तेच सूत्र आजही जगभर वापरतात. सेंटिमीटरमध्ये ते असं:

मायक्रोहेन्री = ०.३९४ × त्रिज्येचा वर्ग × वेढ्यांचा वर्ग ÷ (९ × त्रिज्या + १० × लांबी)

मूळ सूत्र इंचात आहे, तिथे ०.३९४ नाही. बरेच जण इंचाचं सूत्र उचलतात आणि सेंटिमीटर घालतात, मग उत्तर अडीचपट जास्त येतं. ते ०.३९४ म्हणजे दुसरं काही नाही, १ भागिले २.५४. लांबी त्रिज्येच्या ०.८ पटीपेक्षा जास्त असेल तर हे सूत्र एक टक्क्यात बरोबर असतं. तुझी आत्ताची कॉइल त्याहून आखूड आहे म्हणून ९१ आलं, खरं ९३ च्या पुढे आहे. नवीन कॉइल केलीस की तो प्रश्न राहणार नाही. आता वेढे किती लागतील ते तूच काढ आणि इथे टाक, मी बघतो.

---

जुगाड_जळगाव

नवीन कॉइल कशाला, आहे त्याच कॉइलला गँगच्या पॅरललमध्ये ४७० पीएफ लावा, ३६५ + ४७० = ८३५, फ्रिक्वेन्सी येते ५६८, अँटेना लावली की अजून खाली सरकेल, ५५८ लागून जाईल.

---

हॅम_नाशिकरोड

@जुगाड_जळगाव, हिशोब तुमचा बरोबर आहे, ५५८ लागेल पण, पण क्रिस्टल रेडिओत हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे अ‍ॅम्प्लिफायर नाही, जी काही ताकद आहे ती अँटेनातून आलेली. डायोडला मिळणारं व्होल्टेज ट्यून्ड सर्किटच्या इम्पिडन्सवर ठरतं आणि तो इंडक्टन्सच्या प्रमाणात असतो. ९४ मायक्रोहेन्रीवर मोठा कंडेन्सर लावून काम भागवलं तर ट्यूनिंग होईल पण आवाज पडेल, आणि जर्मेनियम डायोडला कमी व्होल्टेजवर नीट डिटेक्टच करता येत नाही. मालाडच्या जवळ आहे म्हणून तिला कदाचित ऐकू येईलही, पण वसईच्या पुढे गेलं की काही नाही. शिवाय ४७० कायमचा लावला की वरची सगळी स्टेशनं गेली. कॉइलच नीट करा.

---

रेडिओवेडी_मीरारोड

सर, खूप खूप धन्यवाद, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. ती 'खूप लांब मानू'वाली ओळ खरंच आमच्या पुस्तकात आहे, आत्ता उघडून बघितली.

तुमच्या सूत्राने काढलं. त्रिज्या ३.१७५ सेंमी, तार ०.५ एमएम, म्हणजे लांबी = वेढे × ०.०५ सेंमी.
६० वेढे, लांबी ३.० : २४४ मायक्रोहेन्री
६१ वेढे, लांबी ३.०५ : २५० मायक्रोहेन्री
म्हणजे ६१. बरोबर ना?

एक गोष्ट मात्र कळली नाही. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं शिकलोय, मग ३२ चे दुप्पट ६४ वेढे केले तर चौपट व्हायला हवं, पण सूत्राने ९१ चं २६९ होतंय, म्हणजे तिप्पटही नाही.

---

निवृत्त_सर_सांगली

६१ बरोबर. आणि शंका अगदी चांगली काढलीस. वर्गाचा नियम तेव्हाच, जेव्हा कॉइलचा आकार तोच ठेवून त्याच जागेत जास्त वेढे बसवशील, उदाहरणार्थ बारीक तार घेऊन त्याच १६ एमएममध्ये ६४ वेढे. तू तीच तार चिकटून पुढे गुंडाळत गेलीस की लांबीही वाढते, ती छेदात आहे. खूप लांब कॉइल असेल तर वेढे दुप्पट केल्यावर इंडक्टन्स फक्त दुप्पट होतं. अगदी आखूड कॉइलमध्ये लांबीचा भाग किरकोळ असतो, तिथे जवळजवळ चौपट होतं. तू मध्ये कुठेतरी आहेस म्हणून २.९५ पट.

यातूनच एक छान गोष्ट निघते, ठरावीक लांबीची तार घेऊन एकपदरी कॉइलमध्ये जास्तीत जास्त इंडक्टन्स कधी मिळतं? व्यास लांबीच्या साधारण २.४५ पट असताना. तुझ्या ६१ वेढ्यांच्या कॉइलचं गुणोत्तर २.०८ येतं, म्हणजे ६३ एमएमचा पाइप तू योगायोगाने का होईना फार चांगला निवडलायस, तार वाया जाणार नाही.

---

रिवाइंडिंग_कराड

ताई, सरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तारेबद्दल बोलतो कारण आमचं रोजचं काम तेच, मोटारी भरतो. तार ०.५ 'धरली' असं तुम्ही लिहिलंय, धरू नका, मोजा. २६ गेज म्हणजे नुसतं तांबं ०.४५७ एमएम, त्यावर इनॅमल किती जाड हे कंपनीप्रमाणे आणि ग्रेडप्रमाणे बदलतं. आम्ही काय करतो, पेन्सिलीवर किंवा ड्रिलच्या बिटावर २० वेढे चिकटून घालायचे, अंगठ्याने दाबून धरायचे आणि त्या २० वेढ्यांची लांबी व्हर्निअरने घ्यायची, भागिले २०. एका तारेची जाडी मोजण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं, कारण गुंडाळताना जी बारीक फट राहते ती पण यात येते.

आणि @कोडवाला_कोथरूड दादा, कॅल्क्युलेटर चांगला आहे पण त्यात गेज टाकताना बघा तो कुठला गेज मागतोय. आपल्याकडे दुकानात मिळतो तो एसडब्ल्यूजी. नेटवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर अमेरिकन, त्यांचा एडब्ल्यूजी. एडब्ल्यूजी २६ म्हणजे ०.४०५ एमएम, आपला २६ म्हणजे ०.४५७. तिथे २६ टाकून मोकळं झालात की लांबी चुकली, लांबी चुकली की इंडक्टन्स चुकलं. त्यापेक्षा एमएममध्ये जाडी टाकायची सोय असेल तर तीच वापरा.

तार किती लागेल तर एका वेढ्याला २० सेंमी, ६१ वेढ्यांना सव्वाबारा मीटर, वजनात १८ ग्रॅम. टॅप (कॉइलच्या मधूनच काढलेलं जोडणीचं टोक) आणि टोकांसाठी धरून २५ ग्रॅम घ्या, कुठल्याही वाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळेल. पूर्ण रीळ घ्यायची गरज नाही.

---

कोडवाला_कोथरूड

@रिवाइंडिंग_कराड, हे एसडब्ल्यूजी-एडब्ल्यूजीचं खरंच लक्षात नव्हतं आलं, धन्यवाद. मी आत्ता तोच हिशोब करून बघितला, २६ एसडब्ल्यूजीचं नुसतं तांबं ०.४५७ धरलं, इनॅमल सोडून दिलं, तर ६१ वेढ्यांना २६२ येतं. आणि प्रत्यक्षात एका वेढ्याला ०.५२ जागा लागली तर २४५. म्हणजे इनॅमल आणि फट विसरलं तर सहा-सात टक्के तिथेच गेले.

आणखी एक, कॅल्क्युलेटर व्यास मागतो तेव्हा पाइपचा बाहेरचा व्यास टाकायचा का तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा? काही ठिकाणी लिहिलेलंच नसतं.

---

हॅम_नाशिकरोड

मध्यापासून मध्यापर्यंत. म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास + तारेची एक जाडी. ६३ एमएमच्या पाइपला त्याने एखाद टक्काच फरक पडतो, पण शॉर्टवेव्हच्या कॉइल पेनच्या नळीवर करतो तेव्हा हाच फरक मोठा होतो, म्हणून सवय आत्ताच लावून घ्यावी. पाइपवर ६३ छापलंय म्हणून ६३ धरू नका, व्हर्निअर लावा, दोन दिशांनी लावा कारण कापलेला तुकडा थोडा लंबगोल असतो.

मोजताना काय काळजी घ्यायची तेही लिहितो. कॉइल स्टीलच्या टेबलावर किंवा कपाटावर ठेवून मोजू नका, रीडिंग बदलतं. मीटरची वायर आखूड ठेवा आणि आधी दोन्ही टोकं जोडून झिरो करून घ्या. कॉइल हातात धरूनही नको, लाकडी टेबलावर पाइप उभा ठेवायचा आणि हात लांब.

ज्यांच्याकडे एलसी मीटर नाही त्यांनी असं करावं, माहीत असलेला एक चांगला कंडेन्सर, पॉलिस्टायरीन किंवा सिल्व्हर मायका, समजा २२० पीएफ, कॉइलला पॅरलल लावायचा आणि सिग्नल जनरेटरने किंवा नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्राने रेझोनन्स शोधायचा, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला दोघं मिळून ट्यून होतात ती. मग २५३३० भागिले (मेगाहर्ट्झचा वर्ग × पीएफ) = मायक्रोहेन्री. हे २५३३० पाठच करून ठेवा, सारखं लागतं. यात कॉइलचं स्वतःचं कपॅसिटन्सही येतं, अशा कॉइलला ते ३-४ पीएफ असतं, मीटरच्या प्रोबचं वेगळं, ते २२० मध्ये मिळवून घ्यायचं.

---

म्हापशाचो_रेडिओ

चर्चा फार आवडली. एक विचारायचं होतं, माझ्याकडे जुन्या ट्रान्झिस्टरचा फेराइट रॉड आहे, १० एमएम जाडीचा. व्हीलरच्या सूत्राने जे येईल त्याला फेराइटच्या म्यूने (चुंबकीय पारगम्यतेने) गुणलं की झालं का? रॉडचं म्यू कोणी १२५ म्हणतं कोणी २५०, मी १२५ ने गुणलं तर फक्त १५-२० वेढ्यांतच भागेल असं दिसतंय, जे खरं वाटत नाही कारण मूळ कॉइलला त्याहून बरेच जास्त वेढे होते.

---

निवृत्त_सर_सांगली

तुम्हाला खरं वाटत नाही ते बरोबरच आहे. म्यूने सरळ गुणता येतं ते बंद कोअरला, म्हणजे कड्यासारख्या गोल टोरॉइडला, जिथे सगळा फ्लक्स फेराइटमधूनच फिरून परत येतो. रॉडमध्ये फ्लक्स टोकातून बाहेर पडतो आणि हवेतून लांबचा वळसा घालून परत येतो. त्या हवेच्या रस्त्यामुळे रॉडचं परिणामी म्यू मूळ म्यूपेक्षा खूप कमी भरतं, आणि ते रॉडच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तरावर, कॉइल किती लांब आहे यावर, रॉडवर कुठे आहे यावर, सगळ्यावर अवलंबून असतं. कागदावर काढत बसू नका.

कागदाची नळी करून रॉडवर सरकेल अशी बसवा, तिच्यावर २० वेढे घाला, रॉडच्या मधोमध ठेवून मीटरने मोजा. समजा ४० मायक्रोहेन्री आलं. हवंय २५०. २५० ÷ ४० = ६.२५, वर्गमूळ २.५, २० × २.५ = ५०. वर सांगितलं तसं वेढे वाढले की कॉइल लांब होते म्हणून थोडा फरक पडेल, चार-पाच वेढे जास्त घाला आणि मग नळी रॉडच्या टोकाकडे सरकवत न्या, इंडक्टन्स कमी होत जाईल. बरोबर जागा मिळाली की मेणाचा थेंब टाका. जुन्या ट्रान्झिस्टर उघडून बघा, रॉडवर कॉइलपाशी मेण लावलेलं दिसतं ते याचसाठी, कारखान्यात हाताने सरकवून ट्यून करायचे.

---

हॅम_नाशिकरोड

टोरॉइडचा विषय निघालाच आहे तर. पावडर आयर्नच्या टोरॉइडला डेटाशीटमध्ये ए-एल म्हणून एक आकडा दिलेला असतो. लाल रंगाचा टी-५०-२ घ्या, त्याला १०० वेढ्यांना ४९ मायक्रोहेन्री. वेढे = १०० × वर्गमूळ (हवं ते ÷ ४९). ७ मेगाहर्ट्झच्या फिल्टरला २ मायक्रोहेन्री हवं असेल तर २० वेढे, फार सोपं. पण त्याच टोरॉइडवर २५० करायला गेलात तर २२६ वेढे, अर्ध्या इंचाच्या चकतीवर ते बसणारच नाहीत. तो शॉर्टवेव्हचा माल आहे, मिडियम वेव्हला नाही.

आणि कोअर नसलेला टोरॉइडही होतो. हैदराबादचे अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू टू ईएसई, यांनी बिटएक्स ट्रान्सीव्हर डिझाइन केला तेव्हा परदेशी टोरॉइड आपल्याकडे सहज मिळायचे नाहीत, म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायला सांगितलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा वॉशर. मला त्या डिझाइनमधलं हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण गावातल्या पोरालाही ते करता येतं. त्याचं सूत्र असं, मायक्रोहेन्री = ०.०००२ × वेढ्यांचा वर्ग × वॉशरची जाडी एमएममध्ये × लॉग (बाहेरचा व्यास ÷ आतला व्यास), लॉग नॅचरल घ्यायचा. आणि इथे नागाओकांचा गुणांक लागत नाही, कारण गोल फिरून बंद झालेल्या कॉइलला टोकंच नसतात.

---

रेडिओवेडी_मीरारोड

अपडेट देते. कराडच्या दादांनी सांगितलं तसं पेन्सिलीवर २० वेढे घालून मोजले, १०.४ एमएम, म्हणजे ०.५२ प्रत्येकी. पाइप व्हर्निअरने मोजला, एका बाजूने ६३.१ आणि दुसऱ्या बाजूने ६२.८, म्हणून ६३ च ठेवला. सूत्राने ६२ वेढ्यांना २५१ येत होतं म्हणून ६२ घातले, दोन्ही टोकं पाइपला भोकं पाडून ओवून घेतली. लाकडी टेबलावर ठेवून मोजलं तर २४८! सर, २४८!! आईला बोलावून दाखवलं.

संध्याकाळी जोडलं आणि ५५८ लागलं, बातम्यांचा शब्दन् शब्द कळत होता. पण आता उलटं झालंय, १०४४ जे आधी लागायचं ते गेलं. गँग पूर्ण उघडला तरी लागत नाही, तिथे ५५८ च अंधुक ऐकू येत राहतं. २५० मायक्रोहेन्रीला १०४४ साठी ९३ पीएफ लागतात आणि गँग तर १५ पीएफपर्यंत खाली जातो, मग का लागू नये? अँटेना गच्चीवर नेलेली वायर आहे, वीसेक मीटर, ती कॉइलच्या वरच्या टोकाला, जिथे डायोड आहे तिथेच जोडलीय.

---

हॅम_नाशिकरोड

वा, अभिनंदन! एक टक्क्यात आणलंस, यापेक्षा जास्त काय हवं.

१०४४ का गेलं ते तुझ्या शेवटच्या वाक्यात आहे. वीस मीटरची वायर म्हणजे अँटेना आहे तसाच तो जमिनीशी एक कंडेन्सरही आहे, अंदाजे १५० पीएफ धर. तो तू थेट गँगच्या पॅरललला लावलायस. मग गँग पूर्ण उघडलास तरी एकूण १५ + १५० = १६५, आणि २५० मायक्रोहेन्रीसोबत १६५ म्हणजे ७८४ किलोहर्ट्झ. त्याच्या वर तुझा रेडिओ जाऊच शकत नाही. पहिल्या कॉइलला इंडक्टन्स कमी होतं म्हणून १०४४ लागत होतं.

अँटेना वरच्या टोकावरून काढ आणि अर्थच्या टोकापासून मोजून १५व्या वेढ्याला टॅप घेऊन तिथे लाव. टॅपवर जोडलं की अँटेनाचं कपॅसिटन्स ट्यून्ड सर्किटला खूप कमी दिसतं, साधारण वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. स्टेशनं पण एकमेकांत मिसळणार नाहीत. आवाज थोडा कमी वाटला तर २० वर घे, मिसळत असतील तर १० वर. तिन्ही टॅप काढून ठेवलेस तर उत्तम, क्रोकोडाइल क्लिपने बदलून बघता येईल.

---

रिवाइंडिंग_कराड

ताई, टॅपसाठी पूर्ण कॉइल सोडायला लागणार नाही, अर्थच्या बाजूने फक्त २० वेढे सोडा, बाकीच्यावर चिकटपट्टी मारून ठेवा नाहीतर सगळं ढिलं होईल. तार तोडायची नाही. जिथे टॅप हवा तिथे दोन इंचाचा फास काढायचा, त्याला पाच-सहा पीळ द्यायचे आणि पुढे गुंडाळत जायचं. तीन फासांना फूटभर तार जास्त जाते आणि तुम्ही टोक आधीच ओवून कापलेलं असणार, कमी पडली तर अर्थच्या टोकालाच तुकडा जोडा, मध्ये जोड नको. फास एकाच्या डोक्यावर एक येऊ देऊ नका, पाइपवर थोडे तिरके सरकवत घ्या, म्हणजे क्लिप एकमेकींना लागणार नाहीत. फासाच्या टोकाचं इनॅमल ब्लेडने सगळीकडून खरवडा, तांबं लालबुंद दिसलं पाहिजे, नाहीतर कथील वर वर चिकटतं आणि आत कनेक्शनच नसतं. पीळ दिलेल्या दोन्ही तारा खरवडल्या गेल्या पाहिजेत, एकच खरवडली गेली तर दुसरी बाजू अधांतरी राहते. कथील लावून झालं की मल्टिमीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओहम बघा, २६ गेजच्या एवढ्या तारेला १.३ च्या आसपास यायला पाहिजे.